देवीची पाठ

आमच्या देवीला मान नाही, खांदे नाहीत, आणि कंबर तर नाहीच नाही. तरी तिच्या साड्या गेली कित्येक वर्षं मीच शिवते. खोडदच्या पलीकडे ओढ्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. वाडीच्या देवळात मूर्ती नाही, तांदळा आहे. तांदळा म्हणजे कुणी न घडवलेला दगड, जमिनीतून निघाला तसाच शेंदूर फासून पुजलेला. त्याला चांदीचे दोन डोळे चिकटवले की तो देवी होतो. नवरात्रात आणि यात्रेला त्यावर पितळेचा मुखवटा बांधतात, मुखवट्याला नथ घालतात आणि खाली मी शिवलेली साडी नेसवतात. मग बाया एकमेकींना सांगतात की आज आई किती हसरी दिसतेय. उरलेलं वर्षभर ती नुसती बघत असते.

लहानपणी मला मुखवट्याची भीती कधी वाटली नाही. नाक, ओठ, हनुवटी, सगळं माणसासारखं जागच्या जागी होतं. भीती वाटायची ती मुखवटा उतरवल्यावर. शेंदराचा एक उंचवटा आणि त्यात दोन डोळे, बाकी काही नाही. तोंडच नसलेलं कुणी आपल्याकडे बघत असेल तर ते रागावलंय की खूश आहे हे कशावरून ओळखायचं? मला अजून ते जमलेलं नाही.

आम्ही गुरवाचे. वडील पूजा करायचे, पण देवीला न्हाऊ घालणं, शेंदूर लावणं आणि डोळे बसवणं हे आईचं काम. दर मंगळवारी ती तेलात शेंदूर कालवायची, दोन्ही अंगठे त्यात बुडवायची आणि डोळ्यांच्या जागी दगडावर टेकवायची. टेकवून तशीच थोडी थांबायची. मग मेण लावून डोळे बसवायची आणि विचारायची, "आता दिसतंया का?" विचारून गप्प राहायची. आणि थोड्या वेळानं, उत्तर ऐकू आल्यासारखी मान हलवायची. मला ते बघवायचं नाही, मी खांबाआड जाऊन उभी राहायचे.

देवीला नैवेद्य दाखवून तिचं तोंड बघितल्याशिवाय आईनं जन्मात कधी घास तोंडात घातला नाही. देवळातून घरी आली की उंबऱ्यातूनच मला विचारायची, "जेवलीस का गं बाय?" मी तिच्यासमोर ताट चाटत बसलेली असले तरी विचारायची. मी वैतागून म्हणायचे, दिसत नाही का तुला.

वडील गेल्यावर पूजा धाकट्या भावाकडे आली. मी लग्न होऊन राजुरीला गेले आणि तिथं शिवणकामाचं दुकान टाकलं. आई भावाकडेच राहिली. आणि मग ती विसरायला लागली. आधी गॅसवरचं दूध विसरली, मग शेजारणींची नावं, आणि शेवटी मला. मी दारात उभी राहिले की सुनेला हाक मारून म्हणायची, "अगं, पावणीबाई आल्यात, पाणी दे." मला अदबीनं बसायला सांगायची, पदर सावरायची, माझ्याकडे न बघता गप्प बसायची. मला राग यायचा. आजारी माणसावर रागावू नये हे मलाही कळतं, पण राग कळण्यावर थांबत नाही. एस्टीत बसले की रडायचे आणि राजुरीच्या फाट्यावर उतरायच्या आत डोळे पुसायचे.

याच सुमाराला वाडीला देऊळ नवं करायची हौस आली. तरण्या पोरांचं म्हणणं पडलं की दगड कसला पुजायचा, संगमरवराची आठ हातांची मूर्ती आणू, मागं वाघ असेल, फोटोत छान येईल. जुनी माणसं म्हणाली, देवीलाच विचारा. म्हणजे कौल लावा. आमच्याकडे कौल असा लावतात: देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या शेंदरावर एकेक कळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. देवीच्या उजव्या हाताची कळी पडली तर होकार, डाव्या हाताची पडली तर नकार. हात नाहीत, पण उजवं-डावं आहे. सोयरीक, बोअर, भावाभावांची वाटणी, वाडीतलं सगळं या दोन कळ्यांवर चालतं. मूर्तीला डावा कौल आला. तेव्हा ठरलं की देवी तीच राहील, घर तेवढं नवं.

तांदळा उचलताना साखळी लावली. तो जमिनीतून सुटला आणि त्याच्यावरचा शेंदूर मोठमोठ्या खपल्या होऊन खाली आला. किती पिढ्यांचा होता कोण जाणे. खपल्यांबरोबर डोळेही पडले. आत निघाला तो काळा, गुळगुळीत, निम्म्यानं बारीक दगड. मी तिथंच होते. सगळे हात जोडून उभे होते, पण कुणी त्याच्याकडे सरळ बघेना. बाईमाणूस न्हाताना चुकून दिसावी तसं सगळ्यांनी तोंड फिरवलं. मग भावानं तो पोत्यात गुंडाळला, आणि काम होईपर्यंत देवी शाळेच्या पडवीत आडवी पडून राहिली.

गाभारा तयार झाला. काळ्या ग्रॅनाईटच्या भिंती, पांढऱ्या फरशा, स्टीलचं दार. देवीच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्ये एक माणूस कसाबसा तिरका होऊन जाईल एवढी फट ठेवली होती, पाणी निघून जायला. तांदळा सिमेंटमध्ये बसवला, नवा शेंदूर चढवला. आईला त्या गर्दीत आणायला नको म्हणून भावानं घरीच ठेवलं होतं. डोळे जुन्नरच्या पेठेतल्या कारागिरानं नवे करून दिले. त्या मुसलमान घराण्यात देवांचे डोळे पिढीजात होतात. भाऊ सांगत होता की डोळे देताना तो म्हणाला, "जुने डोळे मागून फुगीर होते, भाऊ. तुम्ही आणलेला छाप तर सपाट आहे. बघा बरं एकदा." भावानं काही बघितलं नाही. जुन्या शेंदरात जागा खोल गेली असेल म्हणाला.

मी नवं माप घ्यायला फीत घेऊन गेले, आणि मला काहीतरी खटकलं. आधी आमची देवी किंचित मागं रेललेली असायची, बाळंतीण भिंतीला टेकून बसते तशी. आता ती पुढं झुकली होती. साडी नेसवली की पोटावरच्या निऱ्या लोंबकळायच्या आणि मागं कापड ताणलं जायचं. मी आयुष्यभर बायकांच्या पाठी आणि पोटं मोजत आले. भावाला म्हटलं, "अरे, ही अशी का बसलीय?" तो म्हणाला, "आशीर्वाद द्यायला वाकलीया, आक्का." मी निऱ्यांना आतून टाका घातला आणि राजुरीला निघून गेले.

कौल पूर्वीसारखे सुरू झाले. एकाला बोअरसाठी उजवा कौल मिळाला आणि पाण्याऐवजी नुसता फुफाटा वर आला. एका मुलीचं चांगलं स्थळ डाव्या कौलावर परत गेलं. लोक म्हणाले, आईची मर्जी.

आणि मग एका मंगळवारी भावानं आईला दर्शनाला नेलं. मीही आले होते. तिला दोन्ही बाजूंनी धरून आम्ही गाभाऱ्यापुढं उभं केलं. चांदीचे नवे डोळे ट्यूबलाईटमध्ये लकलकत होते. आई बराच वेळ बघत राहिली. तिनं हात जोडले नाहीत. भावाला म्हणाली, "ही पाठमोरी का बसलीया? कुणी रुसवली हिला?"

मागं कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, म्हातारीला काय कळतंय आता. पण माझ्या मानेवर काटा आला, कारण मी ते डोळे बघत होते आणि त्या क्षणापुरतं मला दिसलं की ते कुणाच्या तरी डोक्याच्या मागच्या बाजूला चिकटवले आहेत. केस विंचरायला पाठ करून बसलेल्या बाईच्या मागं आपण उभं असावं आणि तिच्या मानेवरून डोळे आपल्याकडे बघावेत, तसं.

त्या दिवशी आई घरी आली आणि ताट सारून बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. चमचाभर पेज ओठाला लावली तर ओठ घट्ट मिटायची. भावानं खूप विनवलं तेव्हा म्हणाली, "ती तोंड फिरवून बसलीया, मी कशी जेवू?" आठवडा गेला, तिचे हात काटक्यांसारखे झाले. नारायणगावच्या डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं की पुण्याला न्या, नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडावं लागेल, नाहीतर ही टिकायची नाही.

मी म्हटलं, आजच गाडी करू. भाऊ म्हणाला, "कौल लावतो." आम्ही गाभाऱ्यापुढं बसलो. त्यानं कळ्या लावल्या, आईला न्यावं का म्हणून विचारलं. पंखा बंद होता, वारा नव्हता. डावी कळी अलगद सुटली आणि फरशीवर पडली.

"न्हाई म्हणतीया," भाऊ म्हणाला.

माझा तोल सुटला. आईला उपाशी मारायला कळीचा आधार घेतोस का, असं मी देवळात, देवीसमोर, मोठ्यानं बोलले. भावाचे डोळे भरले. त्याला आई नको होती असं नाही. नळी घातलेली, हात बांधून ठेवलेली आई त्याला बघवणार नव्हती, आणि ती गेली तर तो दोष त्याला एकट्याला घ्यायचा नव्हता. हे मला आज कळतं. तेव्हा मी पायरीवर जाऊन बसले आणि समोर खालच्या अंगाला असलेल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या डिशांकडे बघत राहिले. त्या पांढऱ्या ताटल्या माळावर लांबलांब उभ्या असतात आणि आपण बघत नसताना वळतात. मघाशी त्यांची तोंडं आमच्याकडे होती, आता पाठी होत्या. पाठीच्या सगळ्या सळया दिसत होत्या. आणि मला आईचं बोलणं आठवलं.

मी आत जाऊन भावाला म्हटलं, "ती खरंच पाठमोरी असेल तर? मग तिचा उजवा हात इकडचा नाही, तिकडचा. तू डावी म्हणालास ती उजवी कळी होती. तिनं न्या म्हटलं, नेऊ नका असं नाही."

तो दाराकडे बघून हळूच म्हणाला, "आक्का, आसं बोलू नको. मग वर्षभरातले समदेच कौल..." पुढचं त्यानं गिळलं. बोअरवाला आणि ती मुलगी दोघंही त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली असणार. शेवटी तो म्हणाला, "आईलाच इचारू. तिच्या हाताला म्हाईत असंल."

आम्ही भर दुपारी गेलो. बाराच्या ठोक्याला देऊळ बंद असतं, देवी निजलेली असते, त्या वेळी आत जायचं नसतं. संध्याकाळी बिबट्याच्या भीतीनं लोक आरतीला लवकर येतात आणि घोळक्यानं जातात, तेव्हा काही करता येत नाही. दुपारी मात्र वाडीत कुत्रंही नसतं. भावानं कुलूप काढलं. गाभाऱ्यात गार होतं आणि तेलाचा वास कोंडला होता. आई इतकी हलकी झाली होती की मी तिला लेकरासारखी कडेवर घेऊन त्या फटीत शिरले. माझी पाठ ग्रॅनाईटला घासत होती. भाऊ फटीच्या तोंडाशी शेंदराची वाटी आणि ताट घेऊन उभा राहिला. उजेड त्याच्या अंगावरून येत होता, त्यामुळं आत जवळजवळ काही दिसत नव्हतं.

मागच्या बाजूला शेंदराचा पातळ हात फिरवलेला होता, तेवढाच. आईनं हात पुढं केला. चाचपडली नाही. दोन्ही तळवे दगडाच्या कडांवर ठेवले आणि अंगठे आत घेतले. अंगठे खाली बुडाले. मी हात लावून बघितलं तर तिथं दोन खळगे होते, बोटाच्या पेराएवढे, आतून काचेसारखे गुळगुळीत. आईच्या अंगठ्यांनी ते झाले, की आईच्या सासूच्या, की तिच्याही आधीच्या कुणाच्या, ते मला माहीत नाही. पण तिचे अंगठे त्यात असे बसले की मधे कागद जाऊ नये.

"शेंदूर," ती म्हणाली. कित्येक महिन्यांत तिनं एवढ्या स्पष्ट आवाजात काही मागितलं नव्हतं. भावानं वाटी पुढं केली. तिनं अंगठे बुडवले, खळग्यांत टेकवले आणि थांबली.

"आता दिसतंया का?"

दगडाच्या पलीकडे, जिथं कुणी नव्हतं, तिकडं चांदीचे डोळे स्टीलच्या दाराकडे बघत होते. आणि इकडं काळोखात दोन ओले खळगे माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होते. मला श्वास घ्यायची लाज वाटली. मग आईनं मान हलवली.

"जेवलीस का गं बाय?" ती दगडाला म्हणाली.

मी ताटातली दुधात कुस्करलेल्या भाकरीची वाटी पुढं केली. तिनं पहिला घास दगडाला दाखवला आणि मग स्वतःच्या तोंडात घातला. चावला, गिळला. मग दुसरा. मी रडत होते आणि भरवत होते. वाटी संपल्यावर तिनं शेंदराचे अंगठे तसेच माझ्या पापण्यांवर टेकवले आणि म्हणाली, "किती दिस पाठ करून बसली व्हतीस गं." हे ती मला म्हणाली की देवीला, ते मी ठरवू शकलेली नाही.

एक गोष्ट राहिली होती. मी ताटातल्या दोन कळ्या घेतल्या, ओल्या शेंदरावर दोन्ही अंगांना लावल्या आणि विचारलं, "आईला पुण्याला नेऊ का?" मला उजवी कळी पडायला हवी होती. इतकी हवी होती की मी तिच्यावरून नजर काढत नव्हते. कळ्या हलेनात. भाऊ दाराशी पुटपुटत होता. आणि आईनं शांतपणे हात लांबवला, डावी कळी खुडल्यासारखी काढली आणि माझ्या केसांत खोचली.

"मला कुटं न्हिऊ नको," ती म्हणाली.

"हातानं काढलेला कौल धरत न्हाईत," भाऊ म्हणाला. आम्ही बाहेर पडेपर्यंत उजवी कळी तशीच चिकटून होती.

घरी जाताना मी डोकं खाजवत राहिले. पुढून विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली. मागून विचारलं तेव्हाही नाही. पुढची डावी बाजू म्हणजे मागची उजवी. मग दोन्हीकडून एकच उत्तर आलं कसं? माझा सगळा धंदा पुढच्या-मागच्या भागावर चालतो, पुढचा गळा खोल आणि मागचा उथळ. पण ज्याला तोंड घडवलेलंच नाही, त्याला पाठ तरी कुठून येणार? आपण जिथं उभे राहू तिकडं ते बघत असणार. हा विचार मला आवडला नाही. अजूनही देवळात प्रदक्षिणा घालताना मी कुठल्याच बाजूला रेंगाळत नाही.

भावानं वाडीला काही सांगितलं नाही. कौल लावताना तो आता चार कळ्या लावतो, दोन पुढं आणि दोन मागं, आणि दोन्हीकडचं जुळलं तरच कौल धरतो. लोकांना वाटतं की नव्या देवळाची नवी पद्धत आहे. मीही देवीच्या साडीचा पदर हल्ली दोन्हीकडं काढते. भिंतीकडचा पदर कुणाला दिसत नाही, आणि त्याचंच जरीकाम जास्त भारी असतं.

आईला पुण्याला नेलं नाही. पाय चालत होते तोवर ती रोज दुपारी त्या फटीत जाऊन जेवली. पारगावच्या कारखान्याकडं उसाचे ट्रॅक्टर जायला लागले तेव्हा पाय थांबले, आणि ती घरात भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. भाऊ तिला कुशीवर वळवायचा, ती परत भिंतीकडं वळायची. पुन्हा खाणं बंद झालं. मी दुकान बंद करून आले. दारातून हाक मारली तर तिनं वळून बघितलं नाही. पावणीबाईसुद्धा म्हणाली नाही.

मग मी खाट भिंतीपासून ओढली आणि मधल्या फटीत जाऊन जमिनीवर बसले. माझी पाठ भिंतीला लागली आणि तिचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. तिनं डोळे उघडले, बघितलं, आणि हात सावकाश वर आणून दोन्ही अंगठे माझ्या पापण्यांवर टेकवले. अंगठे गार होते.

"आता दिसतंया का?" तिनं विचारलं आणि थांबली.

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल, पण उत्तर द्यायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. माझे डोळे तिच्या अंगठ्यांखाली मिटलेले होते आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"दिसतंय," मी म्हणाले.

तिनं मान हलवल्याचं मला अंगठ्यांतून कळलं. "जेवलीस का गं बाय?" तिनं विचारलं. मी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते. जेवले म्हणून सांगितलं, आणि तिचे हात आपोआप खाली येईपर्यंत डोळे मिटून तशीच बसून राहिले.